मुखपृष्ठं फाडून टाकू नका! गोव्यातल्या वाचनालयांना एक खुलं पत्र

गोव्यातल्या सगळ्या लहानमोठ्या वाचनालयांचे ग्रंथपाल, वाचनालय समित्यांवरची मंडळी आणि या वाचनालयांची पुस्तकं बांधून देणारे बाईंडर, सगळ्यांना सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावरच येतो. पुस्तक बाईंडिंगला गेलं की त्याचं मुखपृष्ठ काढून रद्दीत टाकायची जी पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आलीय ती कृपा करून थांबवा. एवढीच विनंती आहे, पण ती का करतोय ते नीट सांगायचं तर पत्र लांबणार, तेव्हा वेळ काढून वाचा.

काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कादंबरी चार लोकांच्या हातांतून फिरली की पानं सुटतात, कव्हर लोंबायला लागतं, मग अशा पुस्तकांचा गठ्ठा बांधून बाईंडरकडे जातो, तो आधी कव्हर ओढून काढतो, पाठीवरचा जुना गोंद खरवडतो, बाजूने शिवण घालतो, पुठ्ठा लावतो, त्यावर रेक्झिन चढवतो, कुठे मरून, कुठे काळपट हिरवं, आणि पाठीवर पांढऱ्या रंगाने नाव घालतो, लांब नाव असेल तर अर्धंच. पुस्तक परत येतं ते एकदम मजबूत होऊन, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. उलट बाईंडर लोकांचे उपकारच आहेत, कारण आपल्याकडे पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, जून ते सप्टेंबर कपाट उघडलं की ओलसर वास येतो, बुरशी धरते, कसर लागते, जुन्या घरांत वाळवी तर ठरलेलीच. अशा हवेत बाईंडिंग नसतं तर आपल्या वाचनालयांतली निम्मी मराठी पुस्तकं कधीच संपली असती. तेव्हा बाईंडिंग हवंच, ते नको असं कोणी म्हणत नाहीय. प्रश्न फक्त त्या काढलेल्या कव्हराचा आहे.

त्या कव्हरावरचं चित्र कोणी रंगवलेलं असतं याचा विचार करा. मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठांचा विषय निघाला की सगळ्यात आधी जी दोन नावं येतात ती दोन्ही आपल्या गोव्याची आहेत. दीनानाथ दलाल, जन्म मडगावचा, १९१६ सालचा. रघुवीर मुळगावकर, जन्म अस्नोड्याचा, १९१८ सालचा. दोघेही मुंबईला गेले, तिथे नाव काढलं, आणि त्यानंतर काही दशकं महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात जे पुस्तक, जो दिवाळी अंक, जे कॅलेंडर आलं त्यावर या दोघांपैकी कोणाचा तरी हात फिरलेला असायचा. दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला आणि दिवाळी अंक बघायला सुद्धा घ्यायचा असतो ही सवय लोकांना लावली, निदान मला तरी असंच वाटतं. मुळगावकरांच्या देवदेवता तर घराघरातल्या भिंतींवर होत्या, आणि त्याच माणसाने रहस्यकथांची मुखपृष्ठं केली, एका हाताने लक्ष्मी आणि दुसऱ्या हाताने अंधारात पिस्तूल रोखलेला माणूस, आणि दोन्हीकडे तेवढंच मन लावून.

आणि या दोघांचं काम गोव्यात कुठे बघायला मिळायला पाहिजे होतं? आपल्या वाचनालयांत. कारण ती चित्रं आर्ट गॅलरीसाठी काढलेली नव्हतीच, ती पुस्तकावर छापण्यासाठी काढली होती, म्हणजे छापलेलं मुखपृष्ठ हेच त्या कामाचं शेवटचं रूप, तेच लोकांनी बघितलं. मूळ चित्रं किती उरली, कोणाकडे गेली हा वेगळा विषय. छापील कव्हर मात्र गावागावात पोचलं होतं. पोचलं होतं आणि आपण ते फाडलं. जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या कपाटासमोर उभं राहिलं की एका रांगेत नुसतं रेक्झिन दिसतं, आणि त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर एकेकाळी दलाल नाहीतर मुळगावकर होते हे तिथे उभ्या असलेल्या पोराला कोण सांगणार.

'पुस्तक वाचायचं असतं, कव्हर काय चाटायचंय' असं एका समितीवरच्या ज्येष्ठ सदस्याने मला ऐकवलं होतं. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. वाचनालयात बसून थोडा वेळ नुसतं बघा माणसं पुस्तक कशी निवडतात. ज्याला लेखक माहीत आहे तो सरळ जाऊन घेतो, त्याचा प्रश्न नाही. पण नवा वाचक, शाळेतली मुलं, वेळ घालवायला आलेला माणूस, हे हात फिरवत जातात आणि कुठेतरी थांबतात, आणि थांबतात ते बहुतेक कव्हरापाशी. दहा-अकरा वर्षांचं मूल रेक्झिनच्या रांगेतून स्वतःहून पुस्तक काढत नाही. त्याला त्या अर्ध्या पुसलेल्या नावावरून काय कळणार आत समुद्र आहे की भूत आहे की शिवाजीमहाराज आहेत. मग ते मूल नव्या चकचकीत पुस्तकांच्या कपाटाकडे जातं, तिथे दहा-पंधरा पुस्तकं असतात, ती संपली की येणंच बंद करतं, आणि आपण सभेत भाषण करतो की नवी पिढी मराठी वाचत नाही.

म्हाताऱ्या माणसांचं तर वेगळंच आहे. त्यांना पुस्तकाचं नाव आठवत नाही, लेखकाचं आठवत नाही, पण कव्हर आठवतं. आमच्या वाचनालयात एक आजी यायच्या, काउंटरवर येऊन विचारायच्या, 'तें तांबडें लुगडें न्हेसल्ले बायलेचें पुस्तक आसा मूं?' तरुणपणी वाचलेली कादंबरी, परत वाचायची होती. पुस्तक बहुतेक वाचनालयातच असणार, कुठल्या तरी मरून पुठ्ठ्याच्या आत, पण ते ओळखायची एकच खूण होती आणि तीच आपण टाकून दिली होती. कॅटलॉगमध्ये तांबडं लुगडं शोधता येत नाही. त्या आजींना ते पुस्तक मिळालं नाही.

आता थोडं माझ्या आवडीबद्दल बोलतो, कारण ही नुसती जपणुकीची गोष्ट नाही, कव्हर हे पुस्तकात किती आतपर्यंत जाऊ शकतं ते सांगायला हवं. माझं जगातलं सगळ्यात आवडतं मुखपृष्ठ सत्यजित राय यांचं आहे. सिनेमात यायच्या आधी ते कलकत्त्याला जाहिरात कंपनीत काम करायचे आणि सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची कव्हरं करायचे. जिम कॉर्बेटच्या कुमाऊँच्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकाचा बंगाली अनुवाद निघाला, त्याचं कव्हर रायांनी केलं, सगळीकडे वाघाचं पट्ट्यापट्ट्यांचं कातडं, आणि पुढच्या बाजूला गोळी आत शिरल्याचं भोक. पुस्तक उलटं केलं की मागच्या बाजूला गोळी बाहेर पडल्याचं भोक, आणि ते मोठं, कारण गोळी बाहेर पडताना जखम मोठी होते. म्हणजे ती गोळी अख्ख्या पुस्तकातून आरपार गेलीय! एवढी साधी कल्पना, पण हातात पुस्तक धरलं की अंगावर काटा येतो. यात मलपृष्ठ फेकलं तर काय उरलं? अर्धी गोळी. म्हणून मी मुखपृष्ठाबरोबर मलपृष्ठ आणि पाठीची पट्टीसुद्धा मागतोय, नुसतं पुढचं चित्र कापून ठेवू नका.

याच रायांना 'पथेर पांचाली'च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढायचं काम मिळालं होतं, ती चित्रं काढता काढताच या कथेचा सिनेमा होऊ शकतो हे डोक्यात बसलं. पुस्तकाच्या चित्रातून पुढे काय उभं राहतं बघा.

अमेरिकेत १९२५ साली 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी आली, कव्हरावर गडद निळ्या आकाशात तरंगणारे बाईचे डोळे आणि लाल ओठ, खाली जत्रेसारखे दिवे. चित्रकार फ्रान्सिस कुगात. कादंबरी पूर्ण व्हायच्या आधीच चित्र तयार झालं होतं आणि लेखक फिट्झजेराल्डने संपादकाला कळवलं की हे जॅकेट दुसऱ्या कोणाला देऊ नका, मी ते पुस्तकात लिहून टाकलंय. त्या काळी तिकडेही जॅकेट म्हणजे धूळ बसू नये म्हणून घातलेला कागद, लोक घरी आणून फेकून द्यायचे. आज त्या पहिल्या आवृत्तीची जॅकेटसकट चांगली प्रत लिलावात एक लाख डॉलरच्या वर जाते आणि जॅकेट नसलेली त्याच्या अगदी थोड्या अंशात मिळते. पैशासाठी जपा असं मी म्हणत नाही, पण जगाला उशिरा का होईना कळलं की तो कागद पुस्तकाचाच भाग होता. लंडनच्या मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयानेसुद्धा वर्षानुवर्षं जॅकेटं पुस्तकांपासून वेगळी काढली, फक्त निवडक तेवढी जपली. चूक सगळीकडे झालीय, आपणच अडाणी असं काही नाही.

मराठीत बघायचं तर पुलंची पुस्तकं आणि वसंत सरवटे यांची चित्रं माझ्या डोक्यात वेगळी होतच नाहीत, हसायला सुरुवात पान उघडायच्या आधीच होते. शि. द. फडणीसांची 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावरची शब्द नसलेली हास्यचित्रं, स्टॉलवर लोक अंक न घेता उभ्या उभ्या कव्हर बघून हसायचे. बाळ ठाकूर, सुभाष अवचट, किती नावं घ्यावीत. अरुण कोलटकर तर स्वतः जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक डिझायनर, क्लिअरिंग हाउस या प्रकाशनाची कवितेची पुस्तकं त्यांनी नटवली, कवीनेच कव्हर केलेलं असेल तर ते फाडणं म्हणजे त्याची एक कविताच फाडणं आहे. आणि आपल्या लोटलीचे मारियो मिरांडा, मनोहर माळगावकरांच्या 'इनसाइड गोवा'तली त्यांची चित्रं बघून मगच मजकूर वाचणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत. मारियोंची कदर गोव्याने केली, भिंतीवर, कपांवर, टाइल्सवर, सगळीकडे. ती व्हायलाच हवी होती. पण दलाल आणि मुळगावकर हे मराठी पुस्तकांत राहिले म्हणून त्यांच्या वाट्याला रेक्झिन आलं, याचं मला फार वाईट वाटतं.

कोणी म्हणेल एकसारख्या कव्हरांत वाईट काय. पेंग्विन या इंग्रजी प्रकाशनाने १९३५ साली एकसारखीच कव्हरं काढली, कादंबरीला नारिंगी पट्टे, रहस्यकथेला हिरवे, चरित्राला गडद निळे, आणि लोकांनी ती उचलून धरली. बरोबर आहे, पण तिथे रंगावरून वाचकाला आत काय आहे ते कळायचं, कोणीतरी बसून ते ठरवलं होतं. आपल्याकडे मरून म्हणजे काय आणि हिरवं म्हणजे काय? बाईंडरकडे त्या आठवड्यात जो रोल होता तो.

दिवाळी अंकांची दशा तर याहून वाईट. चार-पाच अंक एकत्र बांधून एक जाड व्हॉल्यूम करतात, ते करताना सगळ्यांची कव्हरं काढतात, आतल्या जाहिरातीसुद्धा, म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी लोक रांगा लावून अंक घ्यायचे तीच गेली. त्या कव्हरांवर त्या काळची बाई कशी नऊवारीतून पाचवारीत आली, अंबाडा कसा घालायची, घरात रेडिओ कुठे असायचा हे सगळं आहे. उद्या कोणाला १९५० च्या आसपासच्या मराठी घरावर लिहायचं झालं तर आतल्या कथेइतकंच ते कव्हर उपयोगाचं.

आणि हे गोव्यात व्हावं? हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली इथे आला. इथेच रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, नंतर १६४९ आणि १६५४ ला परत छापलं. त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाताशी नाही, मजकूर वाचला तो हस्तलिखितांमुळे. म्हणजे ओव्या आपल्याकडे आहेत, पण ते पुस्तक दिसायला कसं होतं, पहिल्या पानावर काय होतं, अक्षरं किती मोठी होती, वेलबुट्टी होती का, काही सांगता येत नाही. तेव्हा ते नाहीसं होणं कोणाच्या हातात होतं-नव्हतं देव जाणे. आताचं आपल्या हातात आहे.

आता करायचं काय. खर्चाचं नाव काढलं की समित्या घाबरतात, म्हणून आधीच सांगतो, सगळ्यात चांगला उपाय फुकटचा आहे. बाईंडरला सांगा की कव्हर फाडू नको, ते मुखपृष्ठ पहिलं पान म्हणून आणि मलपृष्ठ शेवटचं पान म्हणून आतच शीव, आणि पाठीची पट्टी मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला खळीने चिकटव. जुने चांगले बाईंडर असंच करायचे. कव्हर फाटकं असेल तर मागून पातळ कागद लावून घ्या. आणि सेलोटेप लावू नका, अगदी हात जोडून सांगतो, काही वर्षांत तो पिवळा पडतो, गोंद कागदात मुरतो आणि टेप गळून पडला तरी तो डाग कायमचा राहतो. गरम लॅमिनेशनही नको, एकदा केलं की परत काढता येत नाही. जॅकेट असलेलं पुस्तक असेल तर पारदर्शक पॉलिएस्टरच्या फिल्मचं सैल कव्हर घालता येतं, त्याला कुठेही गोंद लागत नाही.

बाहेर रेक्झिन राहिलं तरी चालेल, पण शक्य असेल तिथे, निदान मुलांच्या आणि ललित पुस्तकांवर, कव्हरचा रंगीत प्रिंट काढून पुठ्ठ्यावर लावा. प्रिंट खराब झाला तर दुसरा लावता येतो, मूळ कव्हर आत सुरक्षित. त्यासाठी बाईंडिंगला द्यायच्या आधी कव्हर स्कॅन करावं लागेल, साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ३०० डीपीआयला, जुनं आणि दुर्मीळ असेल तर ६०० ला. स्कॅनर नसेल तर गावात कोणाकडे तरी असतोच, शाळेत असतो. आणि ज्यांनी कॅटलॉग कॉम्प्युटरवर घेतलाय त्यांच्यासाठी, कोहासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नोंदीला मुखपृष्ठाचा फोटो जोडायची सोय आहे, ती वापरा. तांबड्या लुगड्याची बाई तिथे नजरेला पडेल. त्याच नोंदीत मुखपृष्ठकाराचं नावही घाला, बहुतेक पुस्तकांत ते आत बारीक अक्षरात छापलेलं असतं, पण कॅटलॉगमध्ये कोणी घेत नाही, म्हणून 'दलालांची मुखपृष्ठं असलेली तुमच्याकडची पुस्तकं दाखवा' म्हटलं तर आज कोणीच दाखवू शकत नाही.

हे लवकर व्हायला पाहिजे याला एक कारण आहे. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. दलाल १९७१ च्या जानेवारीत गेले, म्हणजे २०३२ च्या सुरुवातीला त्यांचं काम सगळ्यांसाठी खुलं होईल, मुळगावकर १९७६ ला गेले, त्यांचं २०३७ ला. तेव्हा कोणीही ती मुखपृष्ठं छापू शकेल, पुस्तक काढू शकेल, नेटवर टाकू शकेल. पण छापायला चांगल्या प्रती कोणाकडे असतील? तेव्हा 'गोव्याच्या अमुक गावच्या वाचनालयात सगळी कव्हरं आहेत' असं लोकांनी म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

पणजीला पाट्ट्यावर आपलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनची परंपरा सांगणारं, तिथल्या मंडळींना माझी वेगळी विनंती, या कामात गावच्या वाचनालयांना शिकवायला तुम्ही पुढे या. एखादं दोन दिवसांचं शिबिर, ग्रंथपाल आणि बाईंडर दोघांना एकत्र बोलावून. बाईंडरला न बोलावता केलेलं शिबिर फुकट जाईल कारण कात्री त्याच्या हातात आहे. आणि प्रदर्शनाला मुहूर्त शोधायची गरजच नाही, दलालांचा जन्मदिवस ३० मे, तोच आपला घटकराज्य दिन. मुळगावकरांचा १४ नोव्हेंबर, त्याच दिवशी राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह सुरू होतो आणि बालदिनही असतो. त्या सप्ताहात दरवर्षी तेच हार, तीच भाषणं करण्यापेक्षा जी काही जुनी कव्हरं उरलीत ती टेबलावर मांडा, गावातल्या लोकांना सांगा घरी असलेली आणा, बघा किती गर्दी होते. जुन्या घरांच्या माळ्यावर अजून अंक पडलेले आहेत, दर चतुर्थीच्या साफसफाईत ते रद्दीत जातात.

शेवटी बाईंडर बंधूंना. तुमच्या दुकानात कोपऱ्यात काढलेल्या कव्हरांचा ढीग असतो, मी बघितलाय. तो आता विकू नका. पुढचा गठ्ठा घेऊन वाचनालयाचा माणूस आला की त्याच्याच हातात परत द्या. आणि समितीवाल्यांनो, मार्चच्या आधी अनुदान संपवायला जी बाईंडिंगची ऑर्डर निघते तिच्यावर यंदा एवढी एक ओळ जास्त लिहा, 'मुखपृष्ठ, मलपृष्ठ व पाठीची पट्टी आत शिवून द्यावी, त्याशिवाय बिल मंजूर होणार नाही.' स्कॅनिंगला माणूस कमी पडत असेल तर डिचोली तालुक्यात कुठेही मला बोलवा, रविवारी माझा स्कॅनर घेऊन येतो.

आपला,
डिचोलीचा एक वाचक